सत्तेचाळीस दोन दिवस सत्तेचाळीसच होतं

एवढी मोठी स्क्रीन समोर असताना बाहेर वेगळे लाल आकडे कशाला लावायचे, हे मला आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी विचारून झालंय. स्क्रीनवरचा आकडा बघायचा म्हणजे आधी ती खिडकी शोधा, टॅब बदला, आणि तिथे पोचलं की दुसरंच काहीतरी दिसतं आणि आपण तिकडेच वाहवत जातो. मॉनिटरच्या खाली ठेवलेला सेव्हन सेगमेंटचा आकडा नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचता येतो, मानसुद्धा वळवावी लागत नाही. मला बघायचं होतं तरी काय, तर प्रोसेसरचं तापमान आणि बॅकअप किती टक्के झाला, बस. आठ आकड्यांचं एक मॉड्यूल, डावीकडे टक्के, उजवीकडे तापमान. एका संध्याकाळचं काम आहे असं मी मनाशी धरून बसले होते. कसली संध्याकाळ, तीन आठवडे गेले.

ज्यांना हे सगळं माहितीय त्यांनी हा पॅरा सोडून द्या. एका आकड्यात सात दांड्या असतात, वरची आडवी ए, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बी, सी, डी, ई, एफ, मधली आडवी जी, आणि शेजारी टिंबाचा डीपी. म्हणजे एका आकड्याला आठ एलईडी, आठ आकड्यांना चौसष्ट. ही कल्पना एलईडीपेक्षा खूप जुनी आहे, १९०८ सालच्या वूड नावाच्या माणसाच्या पेटंटमध्ये दांड्या आठ होत्या, आठवी तिरकी, फक्त ४ नीट दिसावा म्हणून! (मला ती तिरकी दांडी आवडते. आपला आत्ताचा ४ तसा अर्धवटच आहे.) चौसष्ट एलईडींना चौसष्ट वायरी कोण जोडत बसणार, म्हणून सगळ्या आकड्यांची ए एकत्र, बी एकत्र असं करतात आणि एका वेळी एकच आकडा पेटवतात, पण इतक्या भराभर की डोळ्याला सगळे एकदम पेटलेले वाटतात. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि माझं पहिलं पाणी इथेच पालथ्या घड्यावर पडलं.

झालं असं की ड्रॉवरमध्ये एक आठ आकड्यांचं मॉड्यूल पडून होतं ज्याच्या पाठीवर दोन ७४एचसी५९५ होत्या, म्हणजे एकामागून एक आलेले आठ बिट आठ पिनांवर धरून ठेवणाऱ्या चिपा. एक चिप दांड्या ठरवते, दुसरी कुठला आकडा पेटवायचा ते. सोबत एक यूएसबीतून पिना हलवणारा अ‍ॅडॉप्टर पण होता, म्हटलं झालं की, पायथनमधून थेट पिना वरखाली करू, मध्ये कशाला काय पाहिजे. आता गंमत बघा, फुल स्पीड यूएसबीचा ठोका एक मिलिसेकंदाचा असतो, मी प्रत्येक बिटला क्लॉक (बिट घे असं चिपला सांगणारी पिन) वर आणि क्लॉक खाली अशा दोन वेगळ्या कमांड पाठवत होते, म्हणजे सोळा बिटांना बत्तीस मिलिसेकंद, आठ आकड्यांना पाव सेकंदाच्या वर. डिस्प्ले कसला, वरातीतली माळ! एक आकडा पेटतोय, विझतोय, पुढचा पेटतोय. मग सगळे बिट एका पॅकेटमध्ये कोंबून पाठवले तेव्हा आकडे स्थिर दिसले, मी फोटो काढला, खूश झाले, आणि ब्राउझर उघडल्याबरोबर डावीकडून तिसरा आकडा भसकन मोठ्याने पेटला आणि बाकीचे गायब. कारण ऑपरेटिंग सिस्टिमला माझ्या दोन मिलिसेकंदांचं काहीही पडलेलं नसतं, तिने दुसऱ्या कामाला वेळ दिला की जो आकडा त्या क्षणी पेटलेला असेल तोच पेटून राहतो, तोही पूर्ण जोराने. थ्रेडची प्रायॉरिटी वाढवून बघितली, स्लीप काढून नुसता लूप फिरवून बघितला (एक पूर्ण कोअर कशासाठी जाळला, तर त्याच प्रोसेसरचं तापमान दाखवायला), शेवटी हात टेकले.

५९५ वाईट चिप आहे असं नाही हां. एका आकड्याला एक ५९५ लावून मल्टिप्लेक्सिंग न करता वापरली तर ती लिहिलेलं मुकाट धरून ठेवते. पण ही दोन चिपांची मॉड्यूलं तशी नसतात, त्यांना सतत कुणीतरी हाकत बसावं लागतं, आणि ते काम डेस्कटॉप कॉम्प्युटरचं नाही. त्याने आकडा एकदा सांगावा आणि आपल्या कामाला लागावं, लक्षात दुसऱ्या कुणीतरी ठेवावं. अपोलो यानांतल्या डिस्की पॅनलवर (अंतराळवीरांचं कॉम्प्युटरशी बोलायचं बटणं आणि आकड्यांचं पॅनल) पण हेच होतं, तिथले हिरवे आकडे लॅचिंग रिले सांभाळायचे, कॉम्प्युटरने रिले एकदा फिरवला की तो तसाच राहायचा.

तर मग मॅक्स ७२१९ आली. ही चिप आठ कॉमन कॅथोड आकडे (म्हणजे एका आकड्यातल्या सगळ्या एलईडींची वजा टोकं एकत्र जोडलेली) स्वतः सांभाळते, सेकंदाला साधारण ८०० वेळा सगळ्यांवरून फिरते, दांड्यांचा करंट एकाच रेझिस्टरने ठरतो आणि बोलायला तीन वायरी लागतात, डेटा, क्लॉक आणि लोड. कॉम्प्युटर आणि चिप यांच्या मध्ये मी यूएसबीवाला एक जुना पाच व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ठेवला. पाच व्होल्टचा मुद्दाम, कारण पाच व्होल्टवर चालणाऱ्या ७२१९ ला १ हा बिट ओळखायला किमान साडेतीन व्होल्ट लागतात असं तिची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, म्हणते आणि ३.३ व्होल्टच्या बोर्डांकडे तेवढे नसतात. पुष्कळ जणांचं ३.३ वर चालतं, मला माहितीय, पण चालणं आणि रोज चालणं यात फरक आहे, ३.३ च वापरायचं असेल तर मध्ये सिग्नल पाच व्होल्टचा करून देणारी एक ७४एचसीटी१२५ चिप टाका, तिला दोन व्होल्ट पुरतात.

प्रत्येक वेळी सोळा बिट पाठवायचे, आधी रजिस्टरचा (चिपमधल्या छोट्या खणाचा) नंबर मग त्यात काय भरायचं ते, आणि लोडची पिन वर केली की चिप ते घेते. १ ते ८ ही आकड्यांची रजिस्टरं, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ०९ डीकोडचं, ०ए उजेडाचं, ०बी किती आकडे फिरवायचे त्याचं, ०सी शटडाऊनचं आणि ०एफ टेस्टचं. नव्या माणसाला हमखास रडवणारी गोष्ट म्हणजे ही चिप वीज दिल्यावर झोपलेलीच उठते, म्हणजे शटडाऊनमध्ये असते, आणि स्कॅन लिमिट एकाच आकड्याचं असतं. तुम्ही कितीही आकडे लिहा, ती ढिम्म. आधी ०सी मध्ये १ आणि ०बी मध्ये ७ लिहावं लागतं. मी पाऊण तास मल्टीमीटर घेऊन वायरी तपासत होते, वायरी बिचाऱ्या ठीकच होत्या.

मग आकडे आले, पण काय आले! मी ० ते ९ मोजणारा लूप लावला होता. २ पाठवला की ५ दिसतो. ५ पाठवला की २. ३ च्या जागी इंग्रजी ई. १ दिसतो खरा पण आकड्याच्या डाव्या कडेला चिकटून. ८ मात्र एकदम बरोबर, आणि तापमानापुढचं डिग्रीचं चिन्ह, चार दांड्यांचा छोटा चौकोन, तेही बरोबर. माझी पहिली शंका मॉड्यूलवर, म्हटलं कुठेतरी डावंउजवं उलटं सोल्डर झालंय, कारण आरशात २ चा ५ होतो, ३ चा ई होतो आणि १ डावीकडे जातो, सगळं जुळतंय. आता आरसाच असेल तर ० ला काही व्हायला नको ना, तो आरशातही शून्यच. पण माझ्या शून्याची वरची दांडी गायब होती आणि मधली पेटलेली. तिथे डोक्यात प्रकाश पडला. दांड्यांचा तक्ता मी दुसऱ्या एका प्रोजेक्टमधून उचलला होता, टीएम १६३७ नावाच्या दुसऱ्या डिस्प्ले चिपच्या, तिथे सगळ्यात खालचा बिट म्हणजे ए आणि सातवा जी, म्हणून शून्य म्हणजे हेक्स ३एफ. ७२१९ मध्ये याच्या बरोबर उलट, खालचा बिट जी आणि सातवा ए, शून्य म्हणजे ७ई. सात बिट उलटे झाले की ए आणि जी ची अदलाबदल, बी आणि एफ ची, सी आणि ई ची, डी जागच्या जागी. आठमध्ये सगळ्याच दांड्या पेटलेल्या म्हणून त्याला फरक नाही, आणि डिग्रीत ए, बी, एफ, जी म्हणजे नेमक्या एकमेकींच्या जागा घेणाऱ्या जोड्या, दोन्हीकडे हेक्स ६३! मी सुरुवातीला टेस्ट म्हणून काय पेटवलं होतं, तर आठही जागी ८ आणि मग एक डिग्री. म्हणजे तक्ता चुकलाय हे न सांगणारी दोनच चिन्हं मी बरोबर हुडकून काढली होती.

(फक्त ० ते ९ दाखवायचे असतील तर ०९ मध्ये एफएफ लिहा, चिप स्वतःच डीकोड करते, तक्ता लागतच नाही. ९ च्या पुढे तिथे डॅश, ई, एच, एल, पी आणि कोरा असे सहा मिळतात. आता ई, एच, एल, पी वरून कुणी हेल्प लिहायची सोय केली असं वाटतं खरं.)

दुसरं मॉड्यूल जोडायचा मोह झाला तिथे अजून एक मजा. पहिल्याच्या डेटा आउटमधून दुसऱ्याच्या डेटा इनमध्ये वायर, क्लॉक आणि लोड दोघांना सामाईक. मी नेहमीसारखे सोळा बिट पाठवले आणि दुसऱ्यावर पण तेच आकडे दिसायला लागले, वा, आपोआप कॉपी. सेकंद मोजायला लावले तर पहिल्यावर ०९ असताना दुसऱ्यावर ०८, पहिल्यावर १० आलं की दुसऱ्यावर १९, मग १०, मग ११. एकोणीस कुठून आले? तर चिप सोळा बिट पुढे ढकलते, म्हणजे दुसरीला कायम आधीची कमांड मिळते. मी डावीकडून उजवीकडे लिहीत होते, एककाचा आकडा सगळ्यात शेवटी, तो पहिल्या चिपच्या पोटात अडकून राहायचा आणि दुसरीकडे पुढच्या सेकंदाला पोचायचा, दशक मात्र वेळेवर. दोन चिपा असतील तर बत्तीस बिट पाठवूनच लोड वर करायचा, आणि जिला काही सांगायचं नाही तिला शून्य नंबरच्या रजिस्टरची रिकामी कमांड द्यायची. डेटाशीटमध्ये हे लिहिलंय. मी डेटाशीट वाचते, पण काहीतरी बिघडल्यावर.

एकदा सोल्डरिंग आयर्नचं बटण बंद केलं आणि आठच्या आठ आकडे टिंबांसकट पूर्ण उजेडात पेटले, कॉम्प्युटरकडून काही पाठवा, ऐकायलाच तयार नाही. लांब वायरींवर ठिणगीचा खरकटा सिग्नल येतो, चिपला वाटतं कुणीतरी ०एफ मध्ये १ लिहिला, आणि टेस्ट मोड लागला की तो बाकी सगळ्यांच्या वरचढ, अगदी शटडाऊनलाही जुमानत नाही. वायरी वीतभर केल्या, चिपच्या अगदी पायाशी ०.१ आणि १० मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर लावले, आणि शिवाय फर्मवेअर (बोर्डवर चालणारा प्रोग्रॅम) आता दर सेकंदाला सगळी रजिस्टरं नव्याने लिहितं, टेस्टच्या शून्यासकट. त्यानंतर पुन्हा झालं नाही.

कॉम्प्युटरकडची बाजू त्या मानाने सोपी. बोर्डला सीरियल पोर्टवरून साधी मजकुराची ओळ पाठवायची, आकडे आणि शेवटी न्यूलाइन, ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) दहा अक्षरांना दहाएक मिलिसेकंद, भरपूर झालं. बायनरी प्रोटोकॉलच्या नादी लागू नका, साधी अक्षरं असली की टर्मिनलमधून हाताने टाइप करून बघता येतं आणि रात्री अकराला त्याची किंमत कळते. एकच खड्डा आहे, शेलमधून दर वेळी नुसतं इको करून पोर्टवर लिहिलं की पोर्ट उघडतो आणि बंद होतो, उघडताना डीटीआर नावाची सिग्नलची लाइन हलते, आणि माझ्यासारखा बोर्ड असेल तर त्यावर तो रीसेट होतो, बूटलोडर (नवीन प्रोग्रॅम येतोय का ते आधी बघणारा छोटा प्रोग्रॅम) दीडदोन सेकंद घेतो, तोपर्यंत तुमची ओळ हवेत. पोर्ट एकदा उघडून उघडाच ठेवायचा आणि पहिली ओळ दोन सेकंद थांबून पाठवायची. नाहीतर रीसेट आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, पण मग नवीन प्रोग्रॅम चढवताना तो काढायची आठवण ठेवा. मी नाही ठेवली.

हे सगळं जमलं आणि डिस्प्ले मॉनिटरखाली दिमाखात बसला. ४७ डिग्री. छान. दुसऱ्या दिवशी ४७. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मोठं कंपाइल लावलं होतं, पंखा असा सुटला होता की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, आणि मी खाली बघितलं तर ४७. तेवढ्यापुरतं मला खरंच वाटलं, अरे वा, कूलर भारी आहे. मग स्क्रीनवर बघितलं तर ८८.

स्क्रिप्ट दोन दिवसांपूर्वीच मेली होती. बॅकअपची डिस्क मी काढून ठेवली, एकूण साइज शून्य आली, टक्के काढताना शून्याने भागलं, संपलं. बोर्डला यूएसबीची वीज मिळतेय, चिपला शेवटचा आकडा पाठ आहे, ती तो सेकंदाला ८०० वेळा इमानेइतबारे दाखवतेय. म्हणजे ज्या गुणासाठी ही चिप घेतली त्याच गुणाने मला गंडवलं, आणि मला राग पण येईना कारण तिचं काम ती चोख करत होती. त्या ५९५ वाल्या मॉड्यूलला हाकणारी स्क्रिप्ट मेली असती तर एकच आकडा भकभकून पेटला असता आणि मला लगेच कळलं असतं.

आता फर्मवेअरमध्ये घड्याळ आहे, पाच सेकंदांत नवीन ओळ आली नाही की आठही जागी डॅश. एवढ्याने भागेल असं वाटलं होतं, पण स्क्रिप्ट जिवंत असून जुनाच आकडा परत परत पाठवत बसली तर? म्हणून सगळ्यात उजवीकडचं टिंब उघडझाप करतं आणि ती उघडझाप बोर्ड करत नाही, कॉम्प्युटर करतो, तीही सेन्सरची फाइल खरोखर नव्याने वाचली तरच ओळीत टिंब बदलून पाठवतो. बोर्डने स्वतः टिंब लुकलुकवलं असतं तर त्यातून एवढंच कळलं असतं की बोर्ड जिवंत आहे, आणि बोर्डची तब्येत मला कुणी विचारली नव्हती. पहिले दोनतीन दिवस टिंब डोळ्यात खुपलं, आता ते थांबलं की खुपतं.

रात्रीचा प्रश्न अजून पूर्ण सुटला नाहीये. उजेडाच्या रजिस्टरमध्ये ० लिहिलं म्हणजे बंद असं मी समजत होते, पण ० म्हणजे १/३२, आणि अंधारात १/३२ सुद्धा भिंत लाल करायला पुरतो. पुढे गडद लाल जिलेटिनचा कागद लावला, त्याने दिवसा आकडे जास्त उठून दिसायला लागले कारण न पेटलेल्या पांढऱ्या दांड्या दिसेनाशा झाल्या, रात्री मात्र जेमतेम फरक. मग रात्री अकराला ०सी मध्ये शून्य लिहून झोपवायचं आणि सकाळी सातला १ लिहून उठवायचं असं केलं. शटडाऊनमध्ये असताना चिप काही विसरत नाही, त्यामुळे सकाळी सातला उठल्या उठल्या पहिली ओळ येईपर्यंत ती काल रात्रीचं तापमान दाखवते, टिंब न हलवता. झोपवायच्या आधी आठही जागी डॅश लिहायचे, एवढी एक ओळ टाकायची राहिलीय.